थोरल्या बावखलाची सुनावणी

तळवाळीत कोणाला तोंडावर 'नाही' म्हणायची रीत नव्हती. हसू नका. माणसं शहाणीसुरती होती, भांडायचीही दणकून. केळीचा घड कोणी कापून नेला तर चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. पण थोरल्या बावखलाच्या पायरीवर बसलं की भल्याभल्यांची जीभ आवरायची. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं खोल तळं. पावसात तुडुंब भरायचं, वाड्यांमधल्या विहिरींना वर्षभर पाणी पुरवायचं, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही खाऱ्या पाण्याला जमिनीखालून गावात शिरू द्यायचं नाही.

दसरा झाला की त्या पाण्यावर हक्क असलेल्या घरांतलं एकेक माणूस पायरीवर जमायचं. हिंदू आणि ख्रिस्ती सगळे एकत्रच. वयानं थोर असेल तो पाणकरी. तो विषय मांडायचा आणि तीनदा विचारायचा, "बोला." ज्याला पटलं तो "हां" म्हणायचा. ज्याला पटलं नाही तो पाण्याकडे बघत गप्प बसायचा. झालं! एक माणूस जरी गप्प राहिला तरी विषय मोडला. का गप्प बसलास, असं विचारायचं नाही. "मुक्यानं मोडलं," एवढं म्हणायचं आणि गूळपाणी पिऊन उठायचं. उद्या त्याच माणसाबरोबर तिरडीला खांदा द्यायचा असतो, त्याच्याच मांडवात जेवायला बसायचं असतं. मग तोंडावर 'नाही' म्हणून कायमचं वाकडं कशाला घ्या?

नर्मदा राऊत आगाशीहून लग्न होऊन आली त्याच वर्षी तिच्या नवऱ्याचा, दिवाकरचा, विषय असा मोडला. त्याला बावखलावर डिझेलचं इंजिन बसवायचं होतं, कारण रहाट ओढून बैल आणि तो दोघंही मेटाकुटीला आले होते. सगळे "हां" म्हणाले आणि शेजारचा सॅन्टन परेरा पाण्याकडे बघत बसला. दिवाकर घरी आला, मुकाट जेवला. नव्या नवरीला वाटलं, आता हा उद्या त्या सॅन्टनचं डोकं फोडणार. सकाळी बघते तर दोघं गुडघाभर चिखलात उतरून चिंबोऱ्या पकडताहेत.

"अहो, त्यानं तुमचं काम मोडलं ना?" तिनं विचारलं.

"त्यानं कुठे? बावखलानं मोडलं," दिवाकर म्हणाला आणि चिंबोऱ्यांची पिशवी तिच्या हातात दिली.

नर्मदाला ही रीत फार आवडली. माहेरी एका 'नाही'वरून दोन चुलत्यांनी जन्मभर अबोला धरलेला तिनं बघितला होता. एकाच्या प्रेताला दुसरा आला नाही.

सॅन्टनची बायको अँजेलिना तिच्याच वयाची. दोन्ही वाड्या लागून, मध्ये कुंपण म्हणून काय तर एक शेवग्याचं झाड. दिवाळीच्या करंज्या या बाजूनं जायच्या, नाताळचा फराळ त्या बाजूनं यायचा, आणि सासवांच्या कागाळ्या दोन्ही बाजूंनी. राऊतांची पानवेल होती, खायच्या पानांची. ती वेल मोठी नखरेल. गोडं पाणीच लागतं, तेही उन्हाळ्यात रोज. सुतकातल्या माणसानं तिच्यात पाय घालायचा नाही, वेल कोमेजते असं मानतात; चपला घालून तर कोणीच शिरायचं नाही. दिवाकर काविळीनं गेला तो ऐन वैशाखात. मुलगा सिद्धेश तेव्हा शाळेत. नर्मदा ओसरीवर बसून रडत होती ती नवऱ्यासाठी, आणि खोटं कशाला बोला, थोडी वेलीसाठीही. नवरा गेला, आता वेल गेली तर खायचं काय?

अँजेलिनानं कोणाला विचारलं नाही. बांधावर चपला काढल्या, कपाळाला हात लावून क्रुसाची खूण केली आणि वाडीत शिरली. सुतक फिटेपर्यंत दोन्ही वाड्यांना पाणी तिनंच दिलं, पानंही तिनंच खुडली, बाजारातही तिनंच धाडली. "माझा संसार अँजेनं शिंपलाय," नर्मदा पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

मग ग्रामपंचायतीत बायकांसाठी जागा राखीव झाल्या. सरकारनं एक नियम बदलला आणि जी पंचायतीची पायरी कधी चढली नव्हती ती नर्मदा तिथल्या खुर्चीवर जाऊन बसली. उभं केलं थोरल्या दिरानं, जयवंतनं. तोच तेव्हा पाणकरी होता. सही हिनं करावी आणि डोकं आपण चालवावं, असा त्याचा साधा सरळ बेत. पहिलं वर्ष ते जमलंही. पण बाई ऐकत होती. नव्वदच्या दशकातले ते दिवस, नालासोपाऱ्यात इमारती अळंब्यांसारख्या उगवत होत्या, त्यांना पाणी नव्हतं, आणि वाड्यांमधल्या विहिरींवर टँकरांच्या रांगा लागत होत्या. खाडीकडच्या विहिरी मचूळ झाल्या. सॅन्टनची बावखलापलीकडची जमीन तर खारावून मेलीच, तिथे गवतसुद्धा पिवळं यायचं.

तेव्हा नर्मदा पहिल्यांदा तोंड उघडून बोलली. ग्रामसभेत तिनं ठराव आणला: थोरल्या बावखलाचं पाणी टँकरला द्यायचं नाही आणि बावखल बुजवायचं नाही. जयवंत म्हणाला, "तुला कोणी शिकवलं गं हे?" ती म्हणाली, "भाऊजी, तुम्हीच तर सही करायला शिकवलंत." सगळी सभा हसली आणि ठराव झाला. त्या दिवशी तिला वाटलं, नियम म्हणजे काही आभाळातून पडत नाहीत, माणसांनीच बसून केलेले असतात, मग आपणही करू शकतो. आनंदानं तिनं घरी येऊन पुरण घातलं.

हा आनंद पुढे भोवला. तेव्हा कसं होतं, ग्रामसेवक ओळखीचा, तलाठी ओळखीचा, सभापती कोणाचा तरी मेव्हणा. ज्याला विचारायचं तो समोर बसलेला असायचा. दोन हजार साल उलटलं आणि गावाचं काय करायचं हे दुसरीकडेच ठरायला लागलं. नियोजनाचं एक ऑफिस आलं. त्यात इंजिनियर, नकाशे काढणारे, बिल्डरांची माणसं आणि पुढाऱ्यांचे पुतणे, यांची ऊठबस. सगळे एकमेकांना नावानं हाक मारणारे. पंचायतीला विचारायचं बंधन उरलं नव्हतं. फक्त लोकांची सुनावणी घ्यायची, हा नवा नियम. नकाशात थोरल्या बावखलावरून रस्ता गेला होता, चांगला रुंद, आणि पंचायतीबाहेरच्या फळ्यावर सूचना लागली की शाळेच्या हॉलमध्ये गावाचं म्हणणं ऐकून घेतलं जाईल.

गावात खळबळ उडाली. शाळेतली मीरा बाई तरुण, रक्त गरम. ती म्हणाली, "नर्मदाकाकू, आपण घोषणा देऊ. हॉल दणाणून सोडू."

"अगं, ओरडून काय होतं? ओरडणाऱ्यांवर केसेस घालतात," नर्मदा म्हणाली. "आपल्याकडे मोठमोठे विषय कसे मोडले? मुक्यानंच ना? सगळं गाव गप्प बसलं की साहेबाची काय बिशाद!"

आणि ती घरोघर फिरली. राऊत, चौधरी, परेरा, एकही घर सोडलं नाही. "पायरीवर बसतो तसंच बसायचं. कोणी तोंड उघडायचं नाही. एक जण गप्प बसला तर विषय मोडतो, इथे अख्खं गाव बसणार." लोकांना पटलं. पटणारच, आजे-पणजे हेच करत आले होते. अँजेलिना म्हणाली, "सॅन्टनची जमीन पलीकडे आहे, रस्ता झाला तर आम्हाला बराच. पण पाणी गेलं तर रस्त्यावरून जायचं कुठे? मी तुझ्या बाजूला बसेन." आणि बसलीही, नर्मदाच्या खांद्याला खांदा लावून.

हॉल खचाखच भरला. नियोजनाच्या ऑफिसातला साहेब आला, चांगला सभ्य माणूस, घामानं डबडबलेला. बायकांनी त्याला शहाळं दिलं, केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, दिली. पाहुण्याला उपाशी थोडंच ठेवायचं! त्यानं नकाशातलं वाचून दाखवलं आणि म्हणाला, "थोरलं बावखल भराव घालून बुजवणं आणि त्यावरून रस्ता. कोणाची हरकत?"

हॉल गप्प. पंखा तेवढा कुरकुरत होता.

"कोणाला काही बोलायचंय?"

सगळ्यांनी नजर खिडकीबाहेर लावली. तिथून बावखलाचा एक कोपरा दिसत होता.

"मी शेवटचं विचारतो. कोणाचीच हरकत नाही?"

तीनदा विचारलं! नर्मदा मनात हरखली. पाणकऱ्यासारखं तीनदा विचारतोय, म्हणजे साहेबाला आपली रीत ठाऊक आहे. कोणीतरी सांगितलं असणार, देवमाणूस दिसतो! साहेबानं हसून हात जोडले, "एवढं समजूतदार गाव मी बघितलं नाही," म्हणाला, उरलेली सुकेळी खिशात घातली आणि जीपमध्ये बसला. जीप वळणाआड गेल्याबरोबर हॉलमध्ये एकच जल्लोष झाला. जयवंतनं गूळपाणी वाटलं. अँजेलिनानं नर्मदाचे दोन्ही गाल ओढले.

सिद्धेश तोवर मुंबईत एका ऑफिसात चिकटला होता आणि नालासोपाऱ्यात फ्लॅट घेऊन राहत होता. रविवारी तो जेवायला आला. नर्मदानं त्याच्या ताटात वाढता वाढता सगळं रंगवून सांगितलं, पंख्याची कुरकुर करूनसुद्धा दाखवली. सिद्धेशचा घास हातातच राहिला.

"आई, म्हणजे कोणीच हरकत घेतली नाही?"

"अरे, सगळ्या गावानं घेतली! एक माणूस 'हां' म्हणाला नाही."

"अगं आई..." त्यानं ताट बाजूला सारलं. "तिकडे गप्प बसलं की 'हां' धरतात गं."

नर्मदाला आधी वाटलं, पोरगा थट्टा करतोय. मग त्याचा चेहरा बघितला. हातातली पळी जमिनीवर पडली, आमटी सगळीकडे उडाली. "मी घरोघर फिरले रे," एवढंच ती म्हणत राहिली. "मीच फिरले."

दुसऱ्या दिवसापासून तिच्या पायाला भिंगरी लागली. नियोजनाच्या ऑफिसात बाकावर बसायचं, साहेब मीटिंगमध्ये आहेत असं ऐकायचं, उठून घरी यायचं. तालुक्याच्या ऑफिसात जायचं, हे आमच्याकडे येत नाही असं ऐकायचं. ग्रामसभेचा ठराव दाखवला तर एक क्लार्क म्हणाला, "मावशी, पंचायतीच आता जाणार, महापालिका येणार, आणि तुम्ही ठराव कसला घेऊन बसलात?" आमदाराच्या पुतण्यानं तिला शीतपेय पाजलं आणि विसरून गेला. घरी पानं खुडायची राहिली, वेलीवरच जून झाली. झोपेत ती "बोला, बोला" म्हणून बरळायची, असं मुक्कामाला येणारा सिद्धेश सांगतो.

शेवटी एकदाचा तोच साहेब भेटला. तिनं त्याला सगळी रीत समजावली. पायरी, पाणकरी, मुक्यानं मोडणं, सगळं. "साहेब, आम्ही सगळे नाही म्हणालो होतो. तुम्हाला ऐकू आलं नाही. तुमचा नियम बदला. जो गप्प बसेल तो विरोधात, असं धरा."

साहेब हसला नाही, हे त्याचं चांगलं. चष्मा पुसत म्हणाला, "तुमची रीत वाईट नाही हो बाई. पण असं धरलं तर महाराष्ट्रात एकही रस्ता व्हायचा नाही."

"मग आमच्या गावात आमच्या रीतीनं विचारा. बावखलाच्या पायरीवर बसून."

"ते माझ्या हातात नाही." मग तिची अवस्था बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "एक करता येईल. सुनावणी पुन्हा लावतो. पण नियम तोच. ज्याची हरकत असेल त्यानं उभं राहायचं, नाव सांगायचं आणि सगळ्यांसमोर तोंडानं 'नाही' म्हणायचं. निम्म्या घरांनी म्हटलं तरी मी रस्ता बाजूनं वळवायला लावीन. शब्द देतो."

नर्मदानं त्याचे पाय धरले. निम्मी घरं! अख्खं गाव आपल्या बाजूला आहे, निम्मी घरं म्हणजे काय, आली म्हणून समजा.

आता ऐका, नशीब कसं असतं. सुनावणी व्हायच्या आधीच सॅन्टनला लकवा झाला. भर दुपारी वाडीत कोसळला. परेरांच्या घराला जायची वाट म्हणजे बावखलाच्या कडेचा वीतभर बांध. ॲम्ब्युलन्स चर्चपाशीच थांबली. चौघांनी सॅन्टनला बाजेवर घातलं आणि बांधावरून एकेक पाऊल टाकत नेलं. मध्ये पाय घसरला, बाज कलंडली, सॅन्टन अर्धा पाण्यात गेला. नर्मदा बाजेचा एक खूर धरून होती. अँजेलिना मागून ओरडत होती, "येशू, येशू!" इस्पितळात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. सॅन्टन जगला, पण उजवं अंग गेलं ते गेलंच आणि वाचाही गेली. पुन्हा झटका येईल, तेव्हा वेळ काढू नका, असंही डॉक्टर म्हणाले.

गावाचं मन तिथे फिरलं. उघड कोणी बोललं नाही, पण नर्मदा घरोघर गेली की लोक पाट मांडायचे, पाणी द्यायचे आणि "बघू" म्हणायचे. चौधरींची म्हातारी म्हणाली, "बावखल राहायलाच हवं गो. पण अँजेच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं?" जयवंत तर चिडलाच. "पाण्याच्या साक्षीनं या गावात कोणी कोणाला तोंडावर नाही म्हटलेलं नाही. आता ते माझ्याकडून करून घेतेस?"

"भाऊजी, पाणीच राहिलं नाही तर साक्ष कोणाची?" नर्मदा जवळजवळ किंचाळली. जयवंत उठून आत निघून गेला.

सुनावणीच्या आदल्या दुपारी अँजेलिना शेवग्याखाली आली. नवऱ्याची सेवा करून करून तिची हाडं वर आली होती. नर्मदानं तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही.

"नर्मदा, एक मागते. तू उद्या 'हां' म्हणू नकोस. मी तसं म्हणणारच नाही तुला. फक्त गप्प बस."

"अँजे, गप्प बसलं की ते 'हां' धरतात."

"ठाऊक आहे मला," अँजेलिना म्हणाली. "म्हणूनच म्हणते, गप्प बस."

बाजेवरून घसरणारा सॅन्टन नर्मदाच्या डोळ्यांपुढे आला आणि वैशाखात अनवाणी वाडीत शिरलेली अँजेही आली. आणि मागे बघावं तर वेल, दिवाकरच्या हातची, हिरवीगार. "रस्ता बाजूनंही नेता येईल गं, साहेबानं शब्द दिलाय," ती म्हणाली. अँजेलिना म्हणाली, "तो रस्ता होईपर्यंत माझा माणूस राहील का?" आणि शेवगा ओलांडून परत गेली.

दुसऱ्या दिवशी हॉल पुन्हा भरला. या वेळी कोणी शहाळं आणलं नव्हतं. अँजेलिना पुढच्या रांगेत एकटी बसली होती, मागे वळून बघत नव्हती. साहेबानं नियम सांगितला: उभं राहायचं, नाव सांगायचं, बोलायचं. मग विचारलं, "कोणाची हरकत?"

कोणी हललं नाही. नर्मदानं इकडे तिकडे बघितलं. चौधरी खिडकीबाहेर बघत होते. मीरा बाई, जी हॉल दणाणून सोडणार होती, ती पदराचं टोक पिळत होती. जयवंतनं गुडघ्यांवर हात टेकले, आता उठतो असं वाटलं, मग तसाच राहिला. सगळे पाण्याकडे बघत होते, जन्मभर बघत आले तसे. त्यातले 'नाही' म्हणणारे किती आणि अँजेसाठी 'हां' म्हणणारे किती, हे देवसुद्धा सांगू शकला नसता.

साहेबानं दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला त्यानं तोंड उघडलं आणि नर्मदा उभी राहिली. "नर्मदा दिवाकर राऊत," ती म्हणाली. अँजेलिनानं मागे वळून बघितलं. नर्मदानं त्या चेहऱ्याकडे बघतच म्हटलं, "नाही. माझी हरकत आहे. बावखल बुजवायचं नाही."

आणि ती उभीच राहिली. आता कोणीतरी उठेल, एक उठला की दुसरा उठेल. ती वळून एकेकाकडे बघत होती. "अहो, उठा ना," ती म्हणाली. "चौधरीकाकी, उठा. भाऊजी, तुम्ही तरी. असं काय करता? इथे गप्प बसलेलं चालत नाही हो, मी सांगितलंय ना सगळ्यांना!" तिचा आवाज फाटला. म्हातारीनं डोळ्याला पदर लावला, पण उठली नाही. साहेबानंही बराच वेळ वाट बघितली, हे कबूल करायला हवं. मग त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "एक हरकत. बसा बाई."

पावसाळा संपल्याबरोबर डंपर आले. आधी मुरूम पडला, मग कुठल्या कुठल्या पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, त्यात मोरीच्या फुटक्या फरश्यासुद्धा. पाणी एका कोपऱ्यात सरकत गेलं, तिथे मासे उड्या मारत होते, पोरं टोपल्या भरून नेत होती. नर्मदा पायरीवर बसून राहायची. पायरीही बुजायला आली तेव्हा जयवंत तिला हाताला धरून घरी घेऊन आला. त्याच्या घरात त्यानंतर कोणी मोठ्यानं बोललेलं आठवत नाही.

विहीर पुढच्याच उन्हाळ्यात मचूळ झाली. सिद्धेश म्हणाला, टँकर मागवू. पानवेलीला टँकर! नर्मदानं डोक्यावरून हंडे आणले, चर्चच्या विहिरीवरून, माहेराहून आणल्यासारखे जपून आणले. वेल खालून पिवळी पडत गेली. शेवटी तिनंच कोयता घेतला आणि चपला न काढता वाडीत शिरली.

रस्ता मात्र झाला, आणि तो कामीही आला, हे लपवून काय करायचं? ॲम्ब्युलन्स दोनदा परेरांच्या दाराशी आली. सॅन्टन दोन्ही वेळा वाचला. तिसऱ्या वेळी नाही वाचला. त्याची पेटी त्याच रस्त्यानं चर्चकडे गेली. नर्मदा मागून चालत होती. पायाखाली बावखल होतं, हे तिला प्रत्येक पावलाला जाणवत होतं.

त्या सुनावणीपासून अँजेलिना तिच्याशी बोलली नव्हती. भांडलीही नव्हती. नाताळ आला आणि गेला, शेवग्याच्या बाजूनं काही आलं नाही. नर्मदानं करंज्या पाठवल्या त्या तशाच परत आल्या, डबा धुऊन. माहेरच्या चुलत्यांची गोष्ट तिला रोज आठवायची. दिवाकरचा विषय सॅन्टननं मोडला आणि दुसऱ्या दिवशी दोघं चिखलात उतरले, ते गप्प बसण्यामुळेच, हे तिला आता कुठे उमगत होतं. आपण तोंडानं बोललो. पाणीही गेलं, तीही गेली.

सॅन्टनला जाऊन महिना झाला, चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना झाली, त्या संध्याकाळी तिच्यानं राहवलं नाही. ती शेवगा ओलांडून गेली. अँजेलिना ओट्यावर बसली होती, काळ्या साडीत. नर्मदा खालच्या पायरीवर बसली.

"अँजे," ती म्हणाली, "मला माफ केलंस ना?"

अँजेलिना समोर बघत होती, जिथे आधी पाणी दिसायचं.

"अगं, सॅन्टनसाठी माझा जीव तुटत होता. तुझ्याविरुद्ध नव्हते गं मी. माफ केलंस ना?"

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. धूळ उडाली आणि बसली.

नर्मदाला हुंदका आवरेना. तिला एकदम त्या साहेबाची आठवण झाली. बोलला नाही तर हरकत नाही, असं तो धरायचा. ज्या नियमाला तिनं उठता बसता शिव्या घातल्या तोच नियम आज या ओट्यावर लागू व्हावा, एकदाच, म्हणून ती देवाला विनवत होती. तिनं अँजेलिनाच्या पायावर हात ठेवला आणि तिसऱ्यांदा विचारलं.

पण अँजेलिना तळवाळीची होती. ती समोरच्या रस्त्याकडे बघत गप्प बसून राहिली.